नळी तीच होती!

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या बाळकुमच्या घरी अजूनही पाटाशेजारी तेलाची वाटी येते. गेल्या दिवाळीत मात्र आईला पाटावर बसवेना; दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. मी नाक्यावरून डायक्लोफिनॅकच्या मलमाची नळी आणली, तिच्या हाती दिली आणि पुत्रकर्तव्य उरकले. चार दिवसांनी विचारले, तर म्हणाली, "लावते रे. पण तुझे बाबा तेल चोळायचे, तसं नाही वाटत."

मराठीचा मास्तर मी. मला त्यात आठवणींचा उमाळा तेवढा दिसला. पुढे थोडे वाचले, तेव्हा कळले की आई शास्त्रच बोलत होती!

दुखण्यावर चोळायच्या औषधांशी आपली ओळख जुनी. 'अमृतांजन' १८९३ साली मुंबईतच जन्माला आले. बामातले मेंथॉल कातडी गार करीत नाही. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चकवते. मिरचीतले कॅप्सायसिन उष्णतेच्या तंतूंना चेतवते आणि मात्रा मोठी असली की त्यांना काही काळ थंड पाडते. त्याची आठ टक्क्यांची पट्टी, नागीण बरी झाल्यावरही मागे उरणाऱ्या वेदनेसाठी, अमेरिकेत २००९ साली मंजूर झाली. मिरचीचा दाह तंतूंत नेमका कोठे जाणवतो, हे १९९७ साली दाखवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण नव्या मलमाची खरी परीक्षा पुढेच असते. काही रोग्यांना खरे मलम देतात, काहींना हुबेहूब तसेच, पण औषधाविना. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात सांधेदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा किटोप्रोफेन सहा ते बारा आठवडे लावणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना चांगला आराम पडला. आणि नुसत्या मलमाने? सुमारे ५० टक्क्यांना!

शंभरांत दहा माणसांचे दुखणे कमी होणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण उरलेल्या पन्नासांचे काय? काही दुखणे आपोआप ओसरते, काही विश्वासाने हलके होते. आणि काही चोळण्यानेही होत असावे. स्पर्शाच्या संवेदना पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट अडवतात, असे मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ सालीच मांडले होते.

त्या रात्रीपासून मलम मी लावू लागलो. आठवड्याने आई म्हणाली, "ही नवी नळी चांगली आहे हो!"

नळी तीच होती.