परसातली कोंबडी : कोणती निवडावी?

वेदान्त, राज्यकारण आणि अर्थशास्त्र यांवरील व्याख्यानांच्या रांगेत कोंबडीने येऊन बसावे, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. येऊ द्यावे. परंतु ज्यांचे बैठे घर आहे व मागे थोडी मोकळी जागा आहे, अशांपैकी पुष्कळांनी कोंबड्या पाळण्याचा विचार एकदा तरी केलेला असतो. आणि ज्यांनी तो अमलात आणला, त्यांतील अनेकांचा वर्ष-दोन वर्षांत विरस झालेला असतो. निगा कमी पडली म्हणून असे झाले, असे ते समजतात. आमच्या मते तो विरस त्याआधीच, पक्षी निवडतानाच, ठरून गेलेला असतो.

जत्रेत किंवा शाळेच्या फाटकापाशी टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्ले विकावयास येतात. मूल हट्ट धरते आणि आपण दोन पिल्ले घेतो. ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी जोपासलेल्या जातींतील नर असतात. उबवणी केंद्रात पिल्लू एक दिवसाचे असतानाच नर आणि मादी वेगळे करतात. मादीला अंड्यांमुळे किंमत येते. नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगी मांसही फारसे धरत नाही, म्हणून तो कवडीमोल ठरतो. पुष्कळ ठिकाणी नर तेथेच मारून टाकतात. उरलेल्यांतले काही रंगात बुडून आपल्या दारी येतात. ऊब न मिळाल्याने त्यांतली बरीच चार-आठ दिवसांत दगावतात, आणि जी जगतात ती मोठी होऊन पहाटे शेजाऱ्यांना उठवतात. अंड्याची वाट पाहणाऱ्या मुलाला काय सांगावे, हे मग ज्याचे त्याने पाहावे.

अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही, हे येथेच सांगून टाकू. कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. दाट वस्तीत कोंबडा न पाळणे हेच शहाणपणाचे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या सर्व पाळीव कोंबड्यांची मूळ जात म्हणजे आग्नेय आशियाकडचा तांबडा रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, ती उबवते आणि पिल्ले सांभाळते. (कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा व पायांचा वारसा मात्र आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले.) या दहा-पंधरा अंड्यांपासून माणसाने व्हाइट लेगहॉर्नच्या तीनशे अंड्यांपर्यंत मजल मारली. पण ही वाढ फुकट मिळालेली नाही.

आपली गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते. अंगाचे पीस फुगवून ती खुराड्यात बसून राहते, जवळ गेलेल्याला टोचते, आणि दाण्यापाण्यापुरतीच बाहेर पडते. तिच्या शरीरातील एक संप्रेरक वाढून अंडी तयार होण्याचे काम थांबते. एकवीस दिवस ती रवणीवर बसणार, पुढे काही आठवडे पिल्ले पंखाखाली घेऊन फिरणार. त्या काळात अंडे कोठून मिळावे? म्हणून वर्षाची बेरीज पन्नास-साठ अंड्यांवर थांबते. ज्यांनी अधिक अंड्यांची जात घडवली, त्यांनी खुडूक होणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढल्या. म्हणजे लेगहॉर्नच्या अंगचे आईपण काढून घेऊन आपण त्याची अंडी केली, असे म्हटले तरी चालेल. इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून नाव मिळालेली ही जात अंगाने हलकी, थोड्या दाण्यावर भरपूर अंडी देणारी, पण बिचकणारी आणि सहज कुंपणावरून उडणारी आहे. मुलांच्या हातात ती रमत नाही. शिवाय तिची तीनशे अंडी ही तोलून दिलेल्या खाद्याची आणि चौदा ते सोळा तासांच्या उजेडाची असतात. महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतलाच; तेव्हा परसात तेवढ्या अंड्यांची आशा धरू नये.

घरात मुले असतील आणि अंडीही हवी असतील, तर आम्ही ऱ्होड आयलंड रेड सुचवू. अमेरिकेतील ही तांबडी, वजनदार कोंबडी शांत असते, माणसाळते आणि तपकिरी कवचाची पुष्कळ अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया याही काटक आहेत. त्यांतही अंड्यांसाठी ग्रामप्रिया बरी. मात्र या संकरित असल्याने त्यांची पिल्ले आईसारखी निघतील असे नाही. असील ही झुंजीची जात. तिच्या माद्या उत्तम आया, पण एकमेकींशी पटवून घेणार नाहीत. झाबुआच्या कडकनाथचा सध्या मोठा बोलबाला आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे मांस काळे असते, अंडे नव्हे! अंड्यांसाठी म्हणून तिच्यावर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

आणि गावठी? ज्याला कोंबडी आणि तिच्यामागून धावणारी पिल्ले पाहावयाची आहेत, त्याने दुसरी घेऊच नये. लेगहॉर्नची फळलेली अंडीही तिच्याखाली ठेवली तर ती बिनतक्रार उबवते. खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुडवण्याची चाल आम्हांला पसंत नाही. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, पोटाखालून वारा लागेल असे तीन-चार दिवस ठेवले की तेवढ्याने भागते.

निगेविषयी थोडेच सांगतो. अंड्याचे कवच तयार होण्यास सुमारे वीस तास आणि दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. नुसत्या कणीकोंड्यावर ते भागत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. कोंबडीला घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी यांत हयगय नको. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाला औषध नाही, लस आहे : पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, दोन महिन्यांच्या सुमारास टोचणी. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या मालकाने शेजारीपाजारी गोळा करावेत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातील लसीकरणाचा दिवस गाठावा. एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

राहिला तिसऱ्या वर्षाचा प्रश्न. कोंबडी सहा-आठ वर्षे जगते, पण अंडी पहिल्या वर्षानंतर घटतच जातात. व्यवसायात ती दीड वर्षाची झाली की विकतात. घरात मात्र तोवर तिला नाव पडलेले असते, आणि ते नाव ठेवणारा शाळेतून आला की आधी खुराड्याकडे जातो. तिला पोसायचे, विकायचे की खायचे, हे पिल्लू घेण्याआधीच घरात सर्वांसमक्ष बोलून घ्यावे. मागाहून मुलाच्या नकळत केलेली व्यवस्था मूल विसरत नाही. पोसायचेच ठरले तर सहांऐवजी तिघींपासून सुरुवात करावी आणि दर वर्षी दोन नव्या तलंगा आणाव्यात. त्यांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे आणि रोगराई नाही असे दिसले की रात्रीच्या अंधारात जुन्या कोंबड्यांशेजारी दांडीवर बसवावे. दोन-तीन दिवस टोचाटोची होते, मग त्या एकत्र चरू लागतात.