परसातील केशर : कंद की बी?

केशर ही क्रोकस प्रजातीतील कंदवर्गीय वनस्पती असून तिला बी धरत नाही. लागवड कंदांपासूनच होते. म्हणून ‘अमेरिकन केशर’ या नावाने कोणी बी विकावयास आणल्यास ते करडईचे समजावे. करडई हे बीड जिल्ह्यातील रब्बीचे परिचित पीक होय. तिच्या वाळलेल्या पाकळ्या केशरासारख्या दिसतात. खऱ्या केशराच्या जांभळ्या फुलात तीनच तांबडे तंतू असतात व एक ग्रॅम केशरास सुमारे १५० फुले लागतात. हौसेने कुंडीत कंद लावल्यास त्यात साठलेल्या अन्नावर फूल येऊ शकते. परंतु नवे कंद पोसण्यास काश्मीरसारखी दीर्घ थंडी लागते, ती येथे लाभत नाही. तेव्हा हौस कुंडीपुरतीच ठेवावी. शेत व भांडवल त्यात गुंतवू नये.