उघड्या तोंडाचा फोटो

जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना शहपुरा लागतं. जानेवारीत तिथे रस्त्याकडेला मटारच्या गोण्यांची थप्पी असते आणि संक्रांतीच्या सुमारास नर्मदास्नानाला पायी निघालेल्या बायकांचे घोळके. त्या चालता चालता लमटेरा गातात. कुणी त्यालाच बंबुलिया म्हणतं. शब्द थोडे, पण ओळीच्या शेवटचा स्वर लांबच लांब ताणलेला. लांब टेर, म्हणजे लांब हाक, म्हणून लमटेरा.

आम्ही तीन पिढ्यांचे जबलपूरकर, घरात बोलणं मराठी. एका संक्रांतीला अशाच एका बाईचा मी फोटो काढला: डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात कानाशी. पुण्यात मित्रांना दाखवला तर पहिला प्रश्न आला, "कोण गेलं हिचं?" पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन गेलो. ती बाई खो खो हसली. "अहो भैया, जिठानी मागे राहिली होती. तिला ऐकू जावं म्हणून ओढून गात होते!" नर्मदामैयाची भक्ती होतीच, पण त्या क्षणाचा हेतू एवढाच की थोरल्या जावेपर्यंत हाक पोचावी.

तेव्हापासून सुरात भाव कुठे असतो, हा प्रश्न मला सोडत नाही. भरताने 'नाट्यशास्त्रा'त स्वरांची रसांमध्ये वाटणी करून टाकली: मध्यम-पंचम शृंगार आणि हास्याला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स आणि भयानकाला. इतक्या सुटसुटीत हिशेबावर कुणी गवई गायला असेल असं मला वाटत नाही. भातखंड्यांनी मराठीत लिहिलेल्या 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'त रागांच्या वेळेचा विचार आहे, तो मला जास्त उपयोगी पडला. कोमल रिषभ पहाटेच्या भैरवातही आहे आणि सांजेच्या मारव्यातही. सूर तोच, एकात उजाडतं, दुसऱ्यात घर आठवतं. पण हे कळायला त्या वेळी तो राग पुन्हा पुन्हा ऐकलेला असावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदुस्तानी संगीत अनोळखी असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप त्यांना ओळखता आले, शांत भाव मात्र निसटला. लय आणि चालीतली गुंतागुंत हे त्यांचे आधार होते. संथ लय म्हणजे बहुधा दुःख. या मापाने आमचा लमटेराही शोकगीतातच जमा झाला असता.

माहितीही कान बिघडवते. कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले ते क्षयाने आजारी असताना. हे ठाऊक असलेला श्रोता त्यांच्या प्रत्येक तुटक स्वरसमूहात फुप्फुस शोधतो, बंदिशीचा विचार शोधत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

फोटोत ही गफलत आणखी सोपी, कारण तिथे आवाजच नसतो. रशियन चित्रपट दिग्दर्शक कुलेशॉव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक.

मला मात्र शहपुऱ्याच्या मटारमुळे छायाचित्रकार डोरोथिया लँग आठवते. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका आईचे मोजके फोटो काढले. नाव विचारलं नाही. पुढे निगेटिव्हच्या कोपऱ्यातला, तंबूचा खांब धरलेला एक अंगठाही पुसून टाकला. चित्र जगभर गेलं, दारिद्र्याचं प्रतीक झालं. त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं 1978 साली, आणि फोटोबद्दल ती नाराज होती. लँगचा हेतू सरकारची मदत मिळवण्याचा होता, तो चांगलाच म्हणायचा. पण बाईच्या मनात त्या दुपारी काय होतं, हे फोटो सांगत नाही आणि आपण मात्र बिनदिक्कत सांगत बसतो. भीमसेनांचा तानेतला वेडावाकडा चेहरा पाहून, नुसत्या फोटोवरून, कुणी डॉक्टर बोलावला असता.

तर एक विनंती. दिवाळीत जुने अल्बम निघतीलच. त्यात तोंड उघडं असलेली एखादी आत्या दिसली, तर ती काय गात होती आणि कुणासाठी, हे तिलाच विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवा. पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई पुढे उमटते.