विश्लेषण : नेरळमधील दुर्लक्षित बागा वसंतात का सुकतात, का फुलतात?

फाल्गुन सरत आला की माथेरानच्या उतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलते, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते. डोंगर असा रंगात असताना पायथ्याच्या नेरळमध्ये, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच उघडणाऱ्या बंगल्यांच्या आवारात वेगळेच चित्र असते. हिरवळ पिवळी पडलेली, सीताफळाचे नुसते सांगाडे, आंब्याखाली गुडघाभर पाला आणि त्याच आवारात कुणी पाणी न घालताही लगडलेली बोगनवेल. दुर्लक्ष एकच, मग एक झाड वाळते आणि दुसरे बहरते, असे का? आणि अशा बागेत वसंतात नेमके काय करावे?

नेरळमध्येच हा प्रश्न इतका का जाणवतो?

मुंबईहून कर्जत लोकलने साधारण दोन तासांत नेरळ गाठता येते. त्यामुळे नेरळ आणि कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ठाणे, डोंबिवली, मुंबईतील कुटुंबांची दुसरी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. घराभोवती दोन-चार गुंठे जागा, तीत आंबा, चिकू, नारळ, पेरू, मोगरा, जास्वंद आणि हिरवळ, असा बहुतेकांचा ठरलेला नकाशा. पहिली दोन वर्षे उत्साह असतो. मग मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण, माळ्याचे सुटलेले काम अशा कारणांनी फेऱ्या कमी होतात. पावसाळ्यात हे दुर्लक्ष झाकले जाते, कारण तेव्हा सगळेच हिरवे असते. थंडीत दव आणि जमिनीतील ओल झाडांना तारून नेते. उणीव उघडी पडते ती मार्चमध्ये.

वसंतात इथल्या जमिनीत काय घडते?

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतारावरची माती उथळ, खाली मुरूम आणि काळा कातळ. पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते ते जास्त. फेब्रुवारीनंतर वरचा थर झपाट्याने कोरडा पडतो. त्यात हा भाग समुद्रापासून आत आणि सह्याद्रीच्या कुशीत असल्याने किनाऱ्यावरचा गारवा इथे पोहोचत नाही. घाटाच्या पायथ्याचा उन्हाळा किती कडक असू शकतो, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. मार्च २०१७च्या अखेरीस भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

समाजमाध्यमांवर दिसणारे ‘स्प्रिंग गार्डनिंग’चे सल्ले इथे फसतात ते यामुळेच. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळल्यावर वसंत येतो, जमिनीत ओल असते आणि दिवस कोवळे असतात. तिथे ती लागवडीची वेळ. नेरळमध्ये वसंत म्हणजे कोरड्या मोसमाचा मध्य, पुढे अडीच-तीन महिने पाऊस नाही. मार्चमध्ये नर्सरीतून आणून लावलेले रोप आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या पाण्यावर क्वचितच तगते. इथला लागवडीचा हंगाम मृगाच्या सरींनी सुरू होतो.

पाणी नसतानाही काही झाडे फुलतात कशी?

फळबागायतदारांच्या भाषेत याचे उत्तर एका शब्दात आहे : ताण. पेरू, लिंबू, डाळिंब, संत्रे यांचा बहर धरताना शेतकरी मुद्दाम काही आठवडे पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, पाने गळतात, फांद्यांत अन्नसाठा होतो. नंतर पाणी मिळाले की झाड नव्या फांद्यांऐवजी फुले काढते. आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर ही नावे या वेळापत्रकाचीच.

दुर्लक्षित बाग म्हणजे नकळत ताणावर ठेवलेली बाग. मोगऱ्यालाही थंडीत पाणी तोडून छाटणी करतात आणि नंतर खत-पाणी देतात. महिनाभर कोरड्या राहिलेल्या मोगऱ्याचे निम्मे काम म्हणूनच आपोआप झालेले असते. त्याला हलकी छाटणी, शेणखत आणि नियमित पाणी मिळाले तर काही आठवड्यांत कळ्या येतात. बोगनवेल तर पाणी कमी मिळाल्यावरच अधिक रंगते. देवचाफा पाने गाळून उघड्या फांद्यांवर फुलतो.

मात्र ताणाला मर्यादा असते. चिकू, नारळ, केळ, जास्वंद यांना लांबलेला ताण सोसत नाही. नारळाच्या झावळ्या गळून लोंबतात, लहान फळे गळतात. अशक्त जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो. पेरूची गोष्ट वेगळी. त्याला मार्चमध्ये मधूनच एकदा भरपूर पाणी देणे म्हणजे अर्धवट ताण तोडणे. त्याने थोडी पालवी फुटते आणि पुढच्या उन्हात करपते. जुने, खोल मुळांचे पेरूचे झाड असेल तर ते मृगापर्यंत तसेच राहू देणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. पहिल्या पावसानंतर ते स्वतःच फुलते.

सुकलेले झाड मेले की झोपले, हे कसे ओळखावे?

वसंतातील सर्वात महागडी चूक म्हणजे जिवंत झाड मेले समजून तोडणे. सीताफळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण पानगळ करते आणि उन्हाळा तापल्यावर पुन्हा फुटते. अंजीर आणि चाफाही काही काळ उघडे राहतात. बारीक फांदीवर नखाने साल खरवडावी. आत हिरवट ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत. आत तपकिरी आणि कोरडे असेल तर टोकाकडून खोडाकडे खरवडत यावे आणि हिरवा थर लागेल तिथपर्यंतच कापावे.

जमिनीखालीही बाग असते. हळद, सोनटक्का, अळू यांची पाने वाळली तरी कंद शाबूत असतात. ‘रिकामी’ दिसणारी जागा कुदळीने खणून काढली तर जूनमध्ये उगवायला काहीच उरत नाही.

आंब्याला मोहोर भरपूर, मग फळे कुठे जातात?

आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारांवर फुले असतात. त्यांपैकी एक टक्काही पूर्ण फळ होत नाहीत. म्हणजे गळ ही मुळातच निसर्गाची रीत. पण दुर्लक्षित झाडावर ती वाढते. दाट, न विरळलेल्या फांद्यांत तुडतुड्यांना सावली मिळते. ते मोहोराचा रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. ढगाळ, दमट हवेत भुरी येते. वाटाण्याएवढी कैरी धरल्यावर एकदम ऊन वाढले की तीही गळते.

कोकणातील हापूससाठीची शिफारस अशी, की फळे वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी असताना प्रत्येक वेळी मोठ्या झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी द्यावे आणि काढणीच्या महिनाभर आधी ते बंद करावे. पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली द्यायचे. तिथला पाला मात्र हलवू नये. तापलेल्या जमिनीची उष्णता हे हापूसच्या गरात साका होण्याचे एक कारण मानले जाते आणि पाल्याचे आच्छादन ती उष्णता अडवते. काही जणांना आळस वाटणारा गुडघाभर पाला असा कामाला येतो.

फळमाशीसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा झाडाला टांगता येतो. गळलेली किडकी फळे उचलून नष्ट करणेही तितकेच महत्त्वाचे. फांद्यांवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ. फुलटोच्यासारखे पक्षी त्याचे चिकट बी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. नुसती पाने ओरबाडून ते जात नाही, चिकटलेल्या जागेच्या थोडे खालून फांदी कापावी लागते.

मार्चमधील साफसफाई अंगलट का येते?

गुढीपाडव्याच्या आधी ‘आवार स्वच्छ करून टाक’ असा निरोप राखणदाराला जातो. तो पाला गोळा करून कोपऱ्यात पेटवतो. याच काळात आसपासच्या शेतात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजला जातो आणि डोंगरावर वणवे लागतात. वाळलेल्या गवताच्या आवाराला एक ठिणगी पुरते. म्हणून कुंपणालगत चार-पाच फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवणे ही मार्चमधील पहिली गरज. पाला मात्र जाळायचा नाही. तो झाडांच्या आळ्यात पसरायचा किंवा खड्ड्यात कुजवायचा.

जमीन न उकरण्याच्या विचाराला नेरळमध्येच भक्कम आधार आहे. येथील सगुणा बागेतून पुढे आलेल्या सगुणा राइस तंत्रात कायम गादीवाफे असतात. दरवर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी केली जात नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. त्यातून माती भुसभुशीत होते, गांडुळे वाढतात. भातशेतीतील हा धडा दोन गुंठ्यांच्या बागेलाही लागू पडतो.

छाटणीतही घाई नको. मार्चमध्ये आंब्याचा माथा उतरवला तर आजवर सावलीत असलेली साल उन्हाने तडकते आणि तिथे खोडकिड्याला वाट मिळते. जुन्या झाडाची मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर करून कापांना बोर्डो पेस्ट लावतात. त्यानंतरही चांगले फळ धरायला दोन-तीन वर्षे थांबावे लागते. झाड मुळापासून तोडायचेच असेल तर कायदाही पाहावा लागतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, साग यांचा समावेश आहे. स्वतःच्या आवारातील झाड असले तरी परवानगी लागते.

आणखी एक धोका सापांचा. पाल्याच्या ढिगात, दगडांच्या खचात, लाकडांच्या थप्पीत फुरसे किंवा घोणस असू शकते. काठीने ढीग हलवल्याशिवाय हात घालू नये. गमबूट आणि जाड हातमोजे वापरावेत. राखणदारालाही ते मालकानेच द्यायला हवेत.

रानमोडी आणि घाणेरीचे काय करावे?

मोकळ्या जागेचा ताबा पहिल्यांदा घेतात त्या या दोन परदेशी वनस्पती. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. घाणेरी तर भारतात आली तीच शोभेची म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. बागेतून निसटलेले झुडूप पुढे जंगलभर पसरले. रानमोडीचे हलके बी उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या वाऱ्यावर उडते. म्हणजे एका बंद आवारातील रानमोडी शेजारच्या शेताची आणि डोंगराचीही डोकेदुखी ठरते. बी धरण्याआधी ती कापणे आणि पहिल्या पावसात जमीन मऊ झाली की मुळासकट उपटणे, हा सोपा उपाय. मार्चमधील कडक जमिनीत ओढली तर ती बुडातून तुटते आणि पुन्हा फुटते.

हिरवळीसाठी किती पाणी लागते?

एक हजार चौरस फुटांच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर ते सुमारे ४६५ लिटर होते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हा निकष आहे. म्हणजे एका हिरवळीच्या पाण्यात आठ माणसांची रोजची गरज भागते. कर्जत तालुक्यातील डोंगराळ वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीवर थांबतात, तेव्हा हा हिशेब कागदावरचा राहत नाही. बंगल्याची बोअरवेल आणि वाडीची विहीर शेवटी एकाच पावसावर भरतात.

हिरवळ उन्हाळ्यात पिवळी पडू देण्याने फारसे बिघडत नाही. मुळे जिवंत असतील तर पावसात ती परत हिरवी होते. तेच पाणी नारळ, चिकू आणि तीन वर्षांखालील रोपांना दिले तर खरी बाग वाचते. ठिबकची नळी, आळ्यात पाला आणि संध्याकाळची पाण्याची वेळ एवढे सांभाळले तरी बरीच बचत होते.

मग वसंतात नेमके काय करावे?

थोडेच, पण वेळेवर. मार्चमध्ये कुंपणाचा पट्टा मोकळा करणे, आळी पाल्याने झाकणे, कोणते झाड जिवंत आहे हे खरवडून पाहणे. एप्रिलमध्ये फळमाशीचा सापळा, गळलेल्या फळांची उचल आणि तगणाऱ्या झाडांना मोजके पाणी. मे महिन्यात खड्डे खणून उन्हात तापू देणे, पन्हाळी आणि चर साफ करणे, म्हणजे पहिले पाणी वाहून न जाता मुरेल. जूनमध्ये लागवड. मोठी छाटणी पावसाळ्यानंतर.

एखादा कोपरा मुद्दाम न साफ करता सोडला तरी चालते. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी याच दिवसांत झुडपांत घरटी करतात, तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरतो. महिनोन्महिने बंद असलेल्या आवारात त्यांचा वावर वाढलेला असतो. मालकाला परतून बाग ताब्यात घ्यायची असेल, तर तिथे आधीपासून कोण राहायला आले आहे, हे पाहूनच कोयता हातात घ्यावा.