कर्जाचा कागद आणि सुगीचा हप्ता

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. या परिसरातील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असून खरिपात सोयाबीन, तूर व कापूस, तर रब्बीत हरभरा ही पिके घेतली जातात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो, तुरीचा संक्रांतीनंतर आणि हरभऱ्याचा शिमग्याच्या आसपास. उत्पन्न असे वर्षातून दोन-तीन वेळा येते. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. मृगापूर्वी बी-बियाणे व खत, शाळा उघडताच मुलांची पुस्तके, मध्येच दवाखाना आणि घरात कार्य निघाल्यास त्याचा खर्च, हे सारे सुगीची वाट पाहत थांबत नाहीत. ही तफावत कर्जाने भरून निघते.

म्हणून कर्ज काढणे हा दोष नव्हे. घेतलेले कर्ज कोणाचे, किती, कोणत्या दराचे आणि कोणत्या महिन्यात फेडावयाचे याचा हिशेब कोठेच लिहिलेला नसणे, हे संकटाचे खरे मूळ आहे. देणी एका कागदावर आणून, धनकोंशी बोलणी करून आणि सुगीच्या मोसमाशी हप्ते जुळवून ती टप्प्याटप्प्याने फेडण्याचा मार्ग कुटुंबाला आखता येतो. या कामी कायदा, बँकेचे नियम व गावातील जाणती माणसे या तिघांचेही साहाय्य घेता येते.

जुना धडा

हप्तेबंदीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व खातेवह्या जाळल्या. ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा करण्यात आला. कर्जरोख्यावरील आकडा जसाच्या तसा खरा न धरता व्यवहाराचा मागील इतिहास तपासण्याचा व ऋणकोस हप्ते बांधून देण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयांस मिळाला. परभणी-हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याचा लाभ येथील शेतकऱ्यास झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जपुरवठ्यात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के असल्याचे दिसून आले. पुढे १९७५-७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर व शेतमजूर यांना कर्जातून मुक्त करणारा कायदा केला. २००८ मध्ये केंद्र शासनाची, तर २०१७ व २०१९ मध्ये राज्य शासनाची कर्जमाफी झाली. या योजनांनी अनेकांना दिलासा दिला. परंतु २००८ नंतरच्या या तिन्ही योजनांचा संबंध संस्थात्मक कर्जाशी होता. दुकानदाराची उधारी, सावकाराचा रोखा, हातउसने पैसे व महिन्याचे हप्ते त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. माफी येवो अथवा न येवो, कुटुंबाला स्वतःची परतफेडीची योजना लागतेच.

पहिले काम : मोजदाद

योजनेचा आरंभ एका कोऱ्या कागदाने होतो. त्यावर प्रत्येक धनकोचे नाव, मूळ मुद्दल, आजवर भरलेली रक्कम, शिल्लक, व्याजाचा दर, देय महिना आणि तारण काय दिले आहे, इतक्या गोष्टी लिहावयाच्या. हे काम वाटते तितके सोपे नसते. पती व पत्नी यांनी स्वतंत्रपणे घेतलेली कर्जे अनेकदा एकमेकांस ठाऊक नसतात. कोणास जामीन राहिल्याचे विसरले गेलेले असते. म्हणून ही मोजदाद घरातील सर्व मिळवत्या माणसांनी एकत्र बसून करणे आवश्यक आहे. आकडा लपविल्याने तो लहान होत नाही.

व्याजाचे दर वार्षिक भाषेत आणणे हाही या कामाचाच भाग होय. ‘महिना तीन रुपये शेकडा’ हे ऐकताना हलके वाटते. वर्षाचा दर मात्र ३६ टक्के होतो. पन्नास हजारांवर वर्षाला अठरा हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात आणि मुद्दल तसेच उभे राहते.

दुसऱ्या कागदावर बारा महिन्यांच्या आवक-जावकेचा अंदाज मांडावा. पिकाचा अंदाज चांगल्या वर्षाचा न धरता मध्यम वर्षाचा धरावा. घरखर्च, पुढील पेरणी व औषधपाणी वजा जाता जी रक्कम उरते तीच परतफेडीची खरी ऐपत. त्याहून मोठा हप्ता कबूल केल्यास तो फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे लागते.

बँकेचे कर्ज : थकण्यापूर्वी भेट

पीककर्ज हे शेतकऱ्याला मिळणारे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज विहित मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राचे व्याज साहाय्य आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून, २०२१-२२ पासून ते प्रत्यक्षात बिनव्याजी पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते. त्यामुळे हे खाते नियमित ठेवणे हा कोणत्याही योजनेचा कणा ठरतो.

पीक बुडाले तर काय, याचेही उत्तर नियमांत आहे. नैसर्गिक आपत्तीसंबंधी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या निर्देशांनुसार, पीकहानी ३३ ते ५० टक्के असल्यास कर्जाची परतफेड दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्क्यांहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत वाढवून देता येते. दोन्ही मुदतींत पहिले वर्ष हप्त्याविना असते. यालाच कर्जाचे पुनर्गठन म्हणतात. आपत्तीच्या वेळी खाते थकीत नसणे येथे महत्त्वाचे ठरते. तसेच पुनर्गठित रकमेवर पहिल्या वर्षानंतर नेहमीचा व्याजदर लागू होतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनंतर राज्य शासनाने जाहीर केलेल्या सवलतींत सहकारी कर्जाचे पुनर्गठन आणि शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती यांचा समावेश होता. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. वसुली थांबते, देणे कायम राहते. थांबलेल्या काळाचा उपयोग नवे हप्ते ठरविण्यासाठी केला, तरच त्या सवलतीचे चीज होते.

जुनी थकबाकी असल्यास एकरकमी परतफेडीची बोलणी करता येतात. तालुका विधी सेवा समितीमार्फत भरणाऱ्या लोकअदालतीत बँकांची दाखलपूर्व प्रकरणेही ठेवली जातात. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील नसते. त्यामुळे जे हप्ते खरोखर भरता येतील तेच तेथे मान्य करावेत.

सावकाराचे देणे : कायद्याची मर्यादा

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्या वर्षी शासनाने ठरवून दिलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ टक्के यांहून अधिक व्याज घेता येत नाही. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपल्याकडील दामदुपटीचा जुना नियमच या रूपाने कायद्यात आला आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद अथवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे.

कर्जाच्या मोबदल्यात जमिनीचे खरेदीखत लिहून घेण्याची रीत सर्वांत घातक होय. ‘पैसे दिले की जमीन परत’ हे तोंडी आश्वासन कागदावर कोठेच नसते. अशा रीतीने सावकारीच्या व्यवहारात गेलेल्या स्थावर मालमत्तेबाबत मागील पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकास देता येतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करता येतो. तरीही गेलेली जमीन मिळविण्यापेक्षा खरेदीखतावर सही न करणे केव्हाही सोपे.

महिन्याचा हप्ता आणि मोसमी मिळकत

अलीकडे सूक्ष्म वित्तपुरवठा संस्थांची कर्जे, विशेषतः महिलांच्या नावे, गावोगाव पोहोचली आहेत. त्यांचे हप्ते आठवड्याचे वा महिन्याचे असतात, तर शेतीची मिळकत मोसमी. एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज, ही साखळी येथूनच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास असे कर्ज विनातारण द्यावयाचे असते आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही. सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावणे, धमकावणे वा अपमान करणे यांस मनाई आहे.

एक उदाहरण

स्पष्टीकरणासाठी दोन लाख रुपये देणे असलेले एक काल्पनिक कुटुंब घेऊ. त्यात पीककर्ज ८० हजार, परवानाधारक सावकाराचे ५० हजार, कृषी सेवा केंद्राची उधारी ३० हजार, सूक्ष्म कर्ज २५ हजार व नातेवाइकांचे बिनव्याजी १५ हजार आहेत. यंदा निम्म्याहून अधिक सोयाबीन पाण्यात गेले आहे. पीक, दूध व मजुरी मिळून परतफेडीस वर्षाला सुमारे ६५ हजार उरतील, असा अंदाज आहे.

प्रथम बँकेत अर्ज करून ८० हजारांचे पुनर्गठन करून घ्यावयाचे. पहिले वर्ष हप्ता नाही, पुढे दरवर्षी २० हजार मुद्दल व त्यावरील व्याज. सावकाराशी कायदेशीर १२ टक्के दराने दोन हप्ते ठरवावयाचे : पहिल्या वर्षाअखेर २५ हजार मुद्दल व ६ हजार व्याज, दुसऱ्या वर्षी २५ हजार व ३ हजार. महिना तीन रुपयांच्या दराने पहिल्याच वर्षी अठरा हजार व्याज गेले असते. केवळ दर कायद्यात आणल्याने बारा हजार वाचले. सूक्ष्म कर्ज दूध व मजुरीतून पहिल्या वर्षातच संपवावयाचे. दुकानदारास दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी प्रत्येकी १५ हजार आणि नातेवाइकांस तिसऱ्या वर्षी. चौथ्या व पाचव्या वर्षी केवळ बँकेचा हप्ता उरतो.

या आखणीतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यावर व्याज अधिक, ते देणे आधी. ज्यामुळे जमीन वा पुढील पीककर्ज धोक्यात येते, ते कधीही न चुकविता. आणि ज्यांचा जिव्हाळा आहे त्यांना तारीख सांगून नंतर. प्रत्येक ठरावाची लेखी नोंद व प्रत्येक भरण्याची पावती घेतलीच पाहिजे. परतफेड चालू असता नवे उपभोग्य कर्ज न घेणे, ही या योजनेची अट होय.

गावाची जबाबदारी

ही आखणी प्रत्येक कुटुंबाला एकट्याने जमेलच असे नाही. सेवा सहकारी सोसायटीचे गटसचिव, ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी येथे पुढे यावयास हवे. व्याजाचे कायदेशीर दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, पैसेवारी जाहीर होताच पुनर्गठनाच्या अर्जाची माहिती ग्रामसभेत देणे, लोकअदालतीची तारीख कळविणे, ही कामे बिनखर्चाची आहेत. महिला बचत गटांची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व हिशेबलेखन, हीच मुळात हप्तेबंदीची शाळा आहे. शिक्षकांनी वर्गात सरळव्याजाचे उदाहरण ‘महिना शेकडा’ या गावच्या भाषेत घातले, तर मुलांमार्फत तो हिशेब घरापर्यंत जाईल. मात्र कोणाच्या देण्याची चर्चा चावडीवर होणार नाही, याची दक्षता सर्वांनी घेतली पाहिजे.

कर्जाने खचलेला माणूस बोलणे टाकतो, लोकांत मिसळणे टाळतो. अशा वेळी हिशेबाआधी धीर द्यावा लागतो. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आधारासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर असावा.

दीडशे वर्षांपूर्वी सुप्यात कागद जाळले गेले, कारण त्या कागदावरचा हिशेब शेतकऱ्याचा नव्हता. आज तो हिशेब स्वतः लिहिण्याची संधी आणि त्यामागे उभा राहणारा कायदा, दोन्ही उपलब्ध आहेत. साखऱ्यातील शेतकऱ्याने येत्या सुगीपूर्वी असा एक कागद लिहिला, तर सोयाबीनची पट्टी हाती येईल तेव्हा कोणाचे किती द्यावयाचे, हे तगाद्याने नव्हे तर त्याच्या स्वतःच्या हिशेबाने ठरेल.