पडद्यावरच्या गोष्टीची तीस वर्षं

१९९२ साली ब्रॉडरबंड या अमेरिकी कंपनीने मर्सर मेयरचं ‘जस्ट ग्रँडमा अँड मी’ हे चित्रपुस्तक सीडीवर आणलं. आजीबरोबर समुद्रावर जायचं, एवढीच गोष्ट. पण संगणक ती इंग्रजी, स्पॅनिश किंवा जपानीत वाचून दाखवी, वाचलेले शब्द उजळत, आणि पानावर जागोजागी क्लिक केलं की काहीतरी नाचू-गाऊ लागे. पोरं खूश. गोष्ट मात्र त्या नाचगाण्यात खोळंबून राही.

संशोधकांना पुढे छळलं ते याच क्लिकने. नेदरलँड्समध्ये लायडनला आड्रियाना बस, इस्रायलमध्ये बार-इलान विद्यापीठात ओफ्रा कोरात हाच विषय धरून बसल्या. बस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४३ अभ्यास एकत्र तपासले. वाक्य कानावर पडत असतानाच चित्रातलं तेच हललं, त्याचाच आवाज आला, तर मुलांना गोष्ट जास्त कळते, शब्दही वाढतात. मध्येच खेळ घुसवले की कमावलेलं हातचं जातं.

तोवर आयपॅड येऊन पाच वर्षं झाली होती. माऊस न झेपणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलांच्याही हाती गोष्ट आली, आणि अभ्यासकांचं लक्ष शेजारी बसलेल्या आईबापांकडे वळलं. या सगळ्या मागोव्यात मला हाच भाग मोलाचा वाटतो. मिशिगनमधला २०१९चा अभ्यास छोटाच, पालक आणि मूल अशा ३७ जोड्यांचा. कागदी पुस्तकापेक्षा टॅब्लेटवर वाचताना गोष्टीबद्दल दोघंही कमी बोलले. आपल्या घरात काही वेगळं नाही. कागदावर: ‘हा बघ हत्ती! आपण जत्रेत पाहिला होता ना? काय खात होता तो?’ टॅब्लेटवर: ‘थांब. तिथे नको दाबूस. आधी ऐक तरी!’ यातल्या कुठल्या बोलण्यातून भाषा वाढेल, हे कळायला विद्यापीठ लागत नाही.

२०२१ मध्ये बस यांच्याच सहभागाने ३९ अभ्यास पुन्हा तपासले गेले. एकंदरीत कागद सरस. नुसता आवाज आणि उजळणारे शब्द असतील तर पडदा मागे पडतो. सजावट गोष्टीलाच धरून असेल तर पुढेही जातो. आत शब्दकोश दिला तर शब्द वाढतात, पण गोष्टीच्या आकलनाला त्याची मदत होत नाही, झाला तर अडथळाच. आणि एकट्या मुलाच्या हातातल्या सजवलेल्या ई-पुस्तकापेक्षा मोठ्या माणसाने कागदावरून वाचून दाखवलेली गोष्ट भारी ठरली.

मराठीपुरतं सांगायचं तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. खुल्या परवान्यामुळे तिथल्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. त्यांच्या ‘रीडअलाँग’ प्रकारात असतात ते आवाज आणि उजळणारे शब्दच. गोष्टीला धरून हलणारं चित्र हे खर्चाचं काम, मराठी प्रकाशकाला सहज न परवडणारं. पण तिथली गोष्ट उतरवून छापूनही घेता येते. मुलांच्या घरात मोबाइल एकच, तोही सकाळी बाबांबरोबर कामावर जाणारा असेल, तर अंगणवाडीताईंना ही सोय जास्त उपयोगाची.