विश्लेषण : वसई किल्ला टिपायचा, तर कोणता लार्ज फॉरमॅट कॅमेरा घ्यावा?

मोबाइल वर करून वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा फोटो काढला, की मनोरा मागे कललेला दिसतो. ही अडचण मुळातच टाळणारा कॅमेरा म्हणजे लार्ज फॉरमॅट. वालीवहून पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि पश्चिमेला किल्ला, असे दोन्ही विषय जवळ असणाऱ्यांनी तो निवडताना काय पाहावे?

यात वेगळे काय?

यात 4×5 इंचांची सुटी फिल्म लागते. तिचे क्षेत्रफळ 35 मिमी फिल्मच्या सुमारे 13 पट असते, त्यामुळे दगडाचा पोतही मोठ्या छापील चित्रात टिकतो. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये घडीचा भाता असल्याने दोन्ही स्वतंत्रपणे हलवता येतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये. तेव्हाचे छायाचित्रकारही अशाच घडीच्या, तिपाईवरच्या कॅमेऱ्यांनी वास्तू टिपत.

मनोरा सरळ कसा येतो?

कॅमेरा वर न कलवता फिल्म मनोऱ्याला समांतर ठेवायची आणि फक्त लेन्स वर सरकवायची. मनोऱ्यापासून 20 मीटरवर उभे राहून 90 मिमीची लेन्स 20 मिमी वर नेली, तर चौकटीचा वरचा काठ सुमारे साडेचार मीटर उंच जातो.

कोणता प्रकार निवडावा?

रेल्वेच्या रुळासारख्या दांड्यावरचा मोनोरेल सर्वाधिक हालचाली देतो. पण तो जड आणि अवजड असतो, पायपिटीसाठी नाही. लिनहॉफ टेक्निकासारखा धातूचा कॅमेरा मजबूत, पण अडीच किलोच्या पुढे. लाकडी घडीचा फील्ड कॅमेरा सर्वांत हलका. इंट्रेपिड साधारण सव्वा किलोचा आहे. डोंगर आणि किल्ला दोन्ही करायचे असतील तर हाच सोयीचा.

खरेदीआधी काय तपासावे?

90 मिमी लेन्स लावून भाता मिटवा आणि लेन्स वर सरकवून पाहा. भाता आवळला तर कॅमेरा वास्तूंसाठी निरुपयोगी. लेन्सचे प्रतिमावर्तुळही मोठे हवे : 4×5 फिल्मचा कर्ण सुमारे 153 मिमी असतो, त्यामुळे किमान 200 मिमीचे वर्तुळ पाहा, नाहीतर कोपरे काळे पडतात. जुना कॅमेरा घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून छिद्रे शोधा, लेन्सवर बुरशी आहे का ते पाहा.

वसईत आणखी काय लक्षात ठेवावे?

पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड फुगते, बुरशी लवकर धरते. कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने ट्रायपॉडच्या परवानगीची चौकशी आधीच करावी. फिल्म महाग आहे आणि एका होल्डरमध्ये दोनच मावतात. म्हणून आधी भाड्याने किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडून कॅमेरा घेऊन एक दिवस किल्ल्यात फिरा. खांद्याला झेपेल तोच कॅमेरा पुढे वापरला जातो.